सकाळचे सत्र आणि शरीरातले घड्याळ

दहावीची मुले सकाळी सातच्या तासाला पेंगत असतात आणि तीच मुले रात्री अकराला टक्क जागी असतात, ही तक्रार शिक्षक आणि पालक दोघेही करतात. याचा दोष आपण सहसा मुलांच्या आळसाला, टीव्हीला आणि आता मोबाइलला देतो. तो अगदीच खोटा आहे असे नाही. पण या प्रश्नाचा एक मोठा भाग मुलांच्या स्वभावात नसून त्यांच्या शरीरात आहे. आपल्या शरीरात वेळ मोजणारी एक यंत्रणा असते आणि तिची वेळ वयाप्रमाणे पुढेमागे सरकते. ही यंत्रणा कशी चालते आणि शाळेच्या घंटेशी तिचे कुठे बिनसते, ते या लेखात पाहू.

अंधारातले लाजाळू

चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले असते. सिकंदराच्या मोहिमेतल्या अँड्रोस्थेनिसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात याची नोंद केली होती. पाने का मिटली, असे वर्गात विचारले तर 'सूर्य मावळला म्हणून' हे उत्तर लगेच येईल.

हे उत्तर १७२९ साली फ्रान्समधल्या झां-झाक द मेरां या खगोलशास्त्रज्ञाने तपासून पाहिले. त्याने लाजाळूचे रोप सूर्यप्रकाश पोहोचणार नाही अशा अंधाऱ्या जागी ठेवले. तरीही रोपाची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे पानांच्या हालचालीला सूर्य दिसण्याची गरज नव्हती.

पण यावरून रोपाच्या आत घड्याळ आहे, असे लगेच म्हणता येते का? नाही. रात्री हवा गार होते, दमट होते. त्या बदलांवरून रोपाला दिवस-रात्र कळत असेल, अशी शंका कुणीही घेऊ शकेल. या शंकेचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली. १८३२ साली द कांडोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने सतत उजेडात ठेवलेल्या लाजाळूच्या हालचाली मोजल्या. पानांचे एक चक्र २४ तासांत नव्हे, तर २२ ते २३ तासांत पूर्ण होत होते. रोज पाने तास-दोन तास आधीच उघडत. बाहेरच्या कुठल्याही खुणेमुळे हे घडत असते, तर चक्र पृथ्वीच्या फिरण्याशी जुळून बरोबर २४ तासांचे झाले असते. ते तसे नव्हते, याचाच अर्थ लय रोपाच्या आतली होती. २४ तासांपेक्षा थोडे चुकणे हाच आतल्या घड्याळाचा पुरावा ठरला.

हीच गोष्ट पुढे माणसातही दिसली. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १६ जुलै १९६२ रोजी आल्प्स पर्वतातल्या एका भूमिगत हिमनदीच्या गुहेत एकटाच राहायला गेला. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. झोपताना, उठल्यावर आणि जेवताना तो वर बसलेल्या सहकाऱ्यांना दूरध्वनी करी. ते मात्र त्याला वेळ सांगत नसत. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर यायला सांगितले, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता. मनाने केलेला हिशेब जवळजवळ २५ दिवसांनी चुकला, पण शरीराने केलेला हिशेब फारसा चुकला नव्हता. त्याच्या झोपण्या-उठण्याचे चक्र सरासरी साडेचोवीस तासांच्या आसपास चालले होते.

अशा लयींना फ्रांझ हालबर्ग यांनी १९५९ साली 'सर्कॅडियन' हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'सुमारे एक दिवस' असा आहे. त्यातला 'सुमारे' हा शब्द महत्त्वाचा आहे.

या विषयात भारतातही मोलाचे काम झाले आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेत राहणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास केला. गुहेच्या आत अंधार असूनही वटवाघळे संध्याकाळी वेळेवर बाहेर पडतात. संशोधकांनी एका वटवाघळाला गुहेतच पिंजऱ्यात ठेवले. त्याला बाहेर जाता येत नव्हते, उजेड दिसत नव्हता, तरी त्याची लय बाकीच्या थव्याशी जुळलेलीच राहिली. एकट्याला वेगळे ठेवल्यावर मात्र त्याचे घड्याळ स्वतःच्या गतीने चालू लागले. शेजाऱ्यांच्या येण्याजाण्यावरूनही घड्याळ लावून घेता येते, हे या प्रयोगांनी १९८१ साली दाखवले. याच विद्यापीठात माणसांना बाहेरच्या वेळेची खूण लागणार नाही अशा खोलीत ठेवूनही प्रयोग झाले.

पेशीतला बॉलकॉक

पेशीत ना लंबक असतो, ना दातेरी चाके. मग ती वेळ कशी मोजते? याचे उत्तर पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीने दिले. १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना अमेरिकेत तीन चमत्कारिक प्रकारच्या माश्या सापडल्या. एका प्रकारच्या माश्यांचा दिवस १९ तासांचा होता, दुसऱ्यांचा २८ तासांचा आणि तिसऱ्यांना लयच नव्हती. तिन्हींमधला दोष एकाच जनुकात होता. त्याला 'पीरियड' हे नाव मिळाले. पुढे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी या जनुकाचे कार्य उलगडले, आणि त्याबद्दल त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही यंत्रणा समजण्यासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवू या. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की नळ पुन्हा सुरू होतो. पीरियड जनुक एक प्रथिन तयार करायला लावते. ते पेशीत साठत जाते, मग दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी जमवून पेशीच्या केंद्रकात शिरते आणि स्वतःच्याच जनुकाचे काम थांबवते. नवे प्रथिन बनणे थांबते, जुने हळूहळू नष्ट होते, आणि अडसर दूर झाला की जनुक पुन्हा कामाला लागते.

येथे एक प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतील. बॉलकॉकमुळे टाकीतले पाणी एका पातळीला स्थिर राहते, वरखाली होत नाही. मग पेशीत चढउतार का होतो? याचे उत्तर उशिरात आहे. समजा, गोळा वर आल्यावर नळ बंद व्हायला काही तास लागले, तर पाणी पातळीच्या बरेच वर जाईल. आणि उतरल्यावर नळ सुरू व्हायलाही तितकाच वेळ लागला, तर ते बरेच खाली जाईल. पातळी सतत वरखाली होत राहील. पेशीत प्रथिन बनणे, त्याची जोडी जमणे, केंद्रकात जाणे आणि नष्ट होणे या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. या साऱ्या उशिरांची बेरीज सुमारे २४ तास भरते. माणसाच्या पेशींतही याच जातीची यंत्रणा आहे.

मुख्य घड्याळ

शरीरातल्या बहुतेक पेशींत असे घड्याळ असते. यकृताचे वेगळे, हृदयाचे वेगळे. या सर्वांना एका ठेक्यावर ठेवणारे मुख्य घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृष्टिचेता जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. १९७२ साली दोन स्वतंत्र गटांनी उंदरांमधला हा पुंजका नष्ट करून पाहिला, तेव्हा त्यांच्या दैनंदिन लयी नाहीशा झाल्या. १९९० साली याहून पक्का पुरावा मिळाला. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यात २० तासांचा दिवस पाळणारी एक जात सापडली होती. तिच्यातला पुंजका काढून लय हरवलेल्या साध्या हॅमस्टरमध्ये बसवला, तर त्याची लय परत आली, आणि ती २० तासांची होती.

निरोगी माणसाचे हे घड्याळ सरासरी २४ तास आणि १०-१२ मिनिटांचे असते, असे १९९९ साली हार्वर्डमधल्या काटेकोर मोजमापांतून दिसले. सिफ्रचा दिवस याहून लांब भरला, कारण गुहेत तो झोप येईपर्यंत स्वतःच दिवा लावून बसत असे, आणि रात्रीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो.

म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि रोज ते पुढे करून घ्यावे लागते. हे काम प्रकाश करतो. दृष्टिपटलात पाहण्यासाठी लागणाऱ्या शंकू आणि दंड या पेशींखेरीज तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. त्यांचा शोध २००२ साली लागला. त्यांत मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते, ते निळसर प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देते. या पेशी चित्र दाखवत नाहीत. बाहेर किती उजेड आहे एवढेच मुख्य घड्याळाला कळवतात. म्हणूनच दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींचे घड्याळ डोळ्यांमार्फत नीट लागते, तर उजेडाची कसलीच जाणीव न राहिलेल्या अनेकांची झोप दिवसेंदिवस पुढे सरकत जाते.

प्रकाशाचा परिणाम तो कधी पडतो यावर अवलंबून असतो. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे करतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्री उशिराचा प्रकाश घड्याळ मागे करतो, म्हणजे झोप आणखी उशिरा येते. हे सूत्र लक्षात ठेवले की पुढचे बरेच काही आपोआप कळते.

झोप कशी येते

संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर मुख्य घड्याळाच्या इशाऱ्याने मेंदूतली पीनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडू लागते. ते शरीराला रात्र झाल्याचे कळवते. शरीराचे तापमान उतरू लागते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी होते. जाग येण्याआधीच कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते, आणि सकाळी रक्तदाबही चढतो. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी जास्त येतात, हे १९८५ सालापासून ठाऊक आहे.

पण झोप एकट्या घड्याळावर ठरत नाही. आपण जितका वेळ जागे राहू तितका झोपेचा दाब वाढत जातो. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाणे, हे त्याचे एक कारण. चहा-कॉफीतले कॅफिन याच द्रव्याला अडवते. म्हणून झोप उडते, पण दाब कमी होत नाही, फक्त झाकला जातो. झोपेचा दाब आणि घड्याळाची लय या दोन्ही गोष्टी जुळल्या की शांत झोप लागते. ही मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली. रात्रपाळीहून घरी आलेल्या कामगाराची अडचण यातून समजते. त्याच्या झोपेचा दाब भरपूर असतो, पण घड्याळ 'दिवस उजाडला' म्हणत असते. म्हणून तो दमलेला असूनही चार-पाच तासांत जागा होतो.

रात्रपाळीचे दुष्परिणाम झोपेपुरते नसतात. अवेळी जेवण झाले की यकृत आणि स्वादुपिंड यांची घड्याळे मेंदूतल्या घड्याळाशी फारकत घेतात. बरीच वर्षे पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगास कारण ठरू शकते, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली केले आणि २०१९ मध्ये कायम ठेवले.

वयात येताना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लहान मुले सहसा लवकर पेंगतात आणि लवकर उठतात. वयात येऊ लागताच त्यांचे घड्याळ मागे सरकू लागते. मेलाटोनिन उशिरा सुटते, शिवाय झोपेचा दाबही लहानपणापेक्षा सावकाश वाढतो. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दहाला अंथरुणावर पाठवले, तरी झोप अकरानंतरच येते. हे सरकणे विशीच्या आसपास टोकाला पोहोचते आणि मग घड्याळ हळूहळू पुन्हा अलीकडे येते. मोबाइलच्या पडद्याचा उजेड या ओढीत भर घालतो, पण तो नसतानाही ही ओढ असतेच.

या वयाला ८ ते १० तास झोप लागते. झोप अकराला आली आणि साडेपाचला उठावे लागले, तर साडेसहा तासच पदरात पडतात. मेरी कार्स्केडन यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या दहावीच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. या मुलांची शाळा सकाळी ७.२० ला भरू लागली होती. साडेआठ वाजता त्यांना शांत खोलीत आडवे केले, तेव्हा जवळजवळ निम्मी मुले काही मिनिटांतच झोपेच्या अशा अवस्थेत गेली, जी एरवी पहाटेच्या झोपेत भरपूर असते. ती वर्गात बसलेली असली तरी त्यांच्या मेंदूच्या लेखी अजून रात्रच होती.

घंटा उशिरा केली, तर मुले त्या प्रमाणात उशिरा झोपतील, असा आक्षेप घेतला जातो. सिएटल शहरात २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मनगटावरच्या यंत्रांनी मोजले, तेव्हा मुलांची रोजची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्निया राज्यात तर २०२२ पासून उच्च माध्यमिक वर्ग साडेआठच्या आधी भरवायला कायद्यानेच मनाई आहे.

मुंबईचे ३९ मिनिटे

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत वेगळी 'मुंबई वेळ' चालू होती, ती याच ३९ मिनिटांची. आपल्या डोळ्यांतल्या त्या तिसऱ्या प्रकारच्या पेशींना प्रमाणवेळ कळत नाही, सूर्य कळतो. सातची घंटा वाजते तेव्हा मुंबईतल्या मुलाच्या शरीराच्या हिशेबाने सहा वाजून एकवीस मिनिटेच झालेली असतात. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे शाळा सूर्याआधी भरते, आणि घड्याळ पुढे करणारा सकाळचा प्रकाश मिळण्याआधीच मुले वर्गात बंद होतात. नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे पुढे असतो, त्यामुळे तेथे हा त्रास थोडा कमी.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हा त्यामागचा विचार होता, आणि तो योग्यच आहे. घरातली मोठी माणसे उशिरा झोपली की लहानांचीही झोप लांबते. पण दोन सत्रांत चालणाऱ्या शाळेने धाकट्यांना नंतरचे सत्र देऊन सातचे सत्र आठवी ते दहावीकडे सरकवले, तर काय होईल? ज्यांचे घड्याळ सर्वांत मागे आहे, त्यांनाच सर्वांत लवकर उठावे लागेल. घरी लवकर झोपवून धाकट्यांची अडचण बरीच दूर करता येते. थोरल्यांच्या बाबतीत तो उपाय तितकासा चालत नाही.

आम्हांला शाळांच्या अडचणी माहीत आहेत. वर्गखोल्या अपुऱ्या असतात, एसटीची वेळ ठरलेली असते, विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात दुपारी वर्गात बसवत नाही. प्रत्येक शाळेला घंटा बदलता येणार नाही. पण काही गोष्टी तरी करता येतील. दहावीचे जादा तास सकाळी सहाला घेण्याऐवजी शाळा सुटल्यावर घेता येतील. सकाळच्या सत्रात गणिताचा तास पहिला न ठेवता तिसरा-चौथा ठेवता येईल. परिपाठ आणि कवायत उघड्या मैदानावर, उन्हात घेता येईल. तो उजेड घड्याळ पुढे करायला मदत करतो. आणि डुलकी घेणाऱ्या मुलाला बाकावर उभे करण्याआधी, तो किती वाजता झोपला हे विचारता येईल.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग तापमानाचा. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन तासांनी तोंडातले तापमान मोजून आलेख काढावा. मोजण्याआधी पंधरा मिनिटे काही खाऊ-पिऊ नये, खेळून आल्यावर लगेच मोजू नये. सकाळी कमी आणि संध्याकाळकडे जास्त, असा साधारण अर्धा अंश सेल्सियसचा फरक दिसेल. ९८.६ फॅरनहाइट हा आकडा दिवसभर सारखा नसतो, हे मुलांना स्वतःच्या वहीत दिसेल.

दुसरा प्रयोग झोपेच्या नोंदीचा. दोन आठवडे प्रत्येकाने झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहावी आणि झोपेचा मध्य काढावा. शाळेच्या दिवशी ११ ते साडेपाच झोप झाली, तर मध्य सव्वादोन. रविवारी साडेबारा ते नऊ झोप झाली, तर मध्य पावणेपाच. फरक अडीच तासांचा. भारत आणि केनिया यांच्या वेळांतही एवढेच अंतर आहे. म्हणजे हा विद्यार्थी दर शनिवारी जणू नैरोबीला जातो आणि सोमवारी सकाळी परत येऊन पहिल्या तासाला बसतो. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने २००६ साली या फरकाला 'सामाजिक जेट लॅग' असे नाव दिले.

पाचवी आणि दहावी या दोन्ही वर्गांच्या नोंदी घेऊन सरासरी मध्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. शिक्षकांनीही आपली नोंद त्यात घालावी. मग पालकसभेत तो तक्ता मांडावा. पुढच्या वर्षीचे वेळापत्रक ठरवताना कोणत्या वर्गाला कोणते सत्र द्यायचे, याची चर्चा त्या तक्त्यावरून सुरू झाली, तर ती नुसत्या मतांवर होणार नाही.